बटणाचा फोन आणि चोपड्याची एसटी

नवी नवरी होते तेव्हा विहिरीवर जायचं तरी मी सासूबाईंना विचारायची. पदर डोळ्यांपर्यंत, आवाज घशातच. ती पोरगी आज अमळनेरच्या बाजारात भेटली, तर आधी तिच्या डोक्यात टपली मारीन.

म्हातारपणी मुलाने मोठा फोन आणून दिला, तेव्हाही मी तीच बावळट. व्हिडिओ कॉल आला की फोन कानाला लावायची. पुण्यातल्या नातवंडांना महिनाभर आजीचा कानच दिसला. रोज सकाळी साऱ्या गोतावळ्याला गुलाब पाठवायचे आणि निळ्या खुणा उमटल्या की निवडणूक जिंकल्यासारखं मिरवायचं.

मग ह्या हिवाळ्यात चोपड्याहून भावजयीचा निरोप आला, "अक्का, वांगी तयार शेतस, या." मळ्यातल्या भरिताच्या अशा निरोपाला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. घराला कुलूप लावलं, एसटीत बसले. तापीच्या पुलावर फोन वाजला. मुलगा.

"आई, चोपड्याच्या रस्त्यावर काय करतेयस? सांगितलं नाहीस?"

"तुला कसं कळलं?"

"फोनवर दिसतं तू कुठं आहेस ते. काळजीपोटीच लावून दिलंय."

मी अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काय गाय शे का, गयामा घंटी बांधाले?"

मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. मला हसू येईना. आधी सासूबाईंना विचारायचं. त्या गेल्या, मग ह्यांना. हे गेले, आता पोटच्या पोराला? ही रांग संपते की नाही?

परत आल्यावर बटणांचा फोन घेतला. दुकानदार म्हणाला, "आजी, यात काही दिसत नाही हं."

"तेच पाहिजे, भाऊ."

मोठा फोन मुलाला परत धाडला. तो भडकला. "मग एकटी राहू नकोस. घर बंद कर आणि पुण्याला ये."

हे मात्र वर्मी लागलं. फोन गेला तर गेला. पण माझं दार, माझी किल्ली, मनात आलं की निघायचं, एवढंच तर उरलंय माझ्याकडे. म्हटलं, "नाही येणार." आणि फोन ठेवला. बटण दाबून फोन ठेवण्यात फार सुख असतं.

पुढच्या रविवारी तो न कळवता अमळनेरला थडकला. दाराला कुलूप. माझा फोन पिशवीत, पिशवी चोपड्याला बांधावरच्या बाभळीला. भरीत काय हिवाळ्यात एकदाच खातात? शेजारणीने त्याला पाणी दिलं, चहा पाजला आणि भावाच्या मळ्याचा रस्ता सांगितला.

तो आला तेव्हा कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती.

"घाबरलो ना मी! कुठे पडलीबिडलीस तर?"

"पडले तर ही माणसं उचलतील. तुझा फोन आला असता का उचलायला?"

भाऊ गालात हसला. भावजयीने मुलाच्या हातात मुसळी दिली, समोर खोलगट लाकडी बडगी सरकवली. तो वांगी आणि मिरच्या ठेचत राहिला. हिरव्या मिरचीने त्याचे डोळे भरले. मिरचीनेच, असं मी धरून चालले.

जेवता जेवता म्हणाला, "बरं, पुण्याचं राहू दे. पण निघताना एक फोन करत जा."

मी भाकरी मोडली. "निघताना केला तर 'कशाला जातेस' म्हणशील. पोचल्यावर करीन."