माळ्याच्या भोकाचं झाकण

आमच्या अकोल्याच्या भाड्याच्या घरात माजघराच्या लाकडी माळ्याला एक चौकोनी भोक होतं. दीड हात लांब, दीड हात रुंद. बांधणाऱ्याने ते उन्हाळ्यासाठी ठेवलं होतं. वैशाखात घर भट्टीसारखं तापलं की कोंडलेली हवा त्यातून वर जाई आणि छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून बाहेर पडे. हिवाळ्यात मात्र तेच भोक उलटं वागे. पहाटे त्यातून असा गारठा खाली उतरे, की माजघरात झोपणाऱ्याचे कान बधिर व्हावेत.

एका लांबलचक छपराखाली आमची दोन बिऱ्हाडं होती. मधली भिंत माळ्यापर्यंतच होती, त्याच्यावरची पोकळी दोघांची मिळून एकच. शेजारी एक वकील राहत आणि त्यांच्या माजघरालाही तसंच भोक होतं. आमच्या ह्यांचं आणि त्या वकिलांचं सामाईक विहिरीच्या रहाटावरून दोन वर्षांपूर्वी चांगलंच वाजलं होतं. हे सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवत. एरवी मुंगीलाही वाट करून देतील असा माणूस, पण सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. "ह्या घरातलं कुणीही त्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही," असं ह्यांनी बजावलं होतं. वकिलांनीही आपल्या घरात तेच बजावलं. दोघांनी ओट्यांवरचं येणं-जाणं तोडलं, छपराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

वकिलांची विधवा थोरली बहीण त्यांचं घर सांभाळायची. तिला बार्शीटाकळीकडे शेतीवाल्या घरात दिलेली, नवरा गेल्यावर भावाकडे आली. गावात असताना तिने कितीतरी बायकांची बाळंतपणं केली होती. पहिल्यासारखंच माझं दुसरं मूलही पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा मी एका दुपारी माजघरात बाजेवर पडून रडत होते. पुरुष कामावर गेलेले. अचानक माळ्यातून आवाज आला, "कोन रडून राह्यलं व? मास्तरीन का?"

त्या दिवसापासून ती माझी अक्का झाली. माझी आई अमरावतीला मी लहान असतानाच गेली, सासू मी पाहिलीच नाही. मला विचारायला दुसरं होतं कोण? तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ह्यांच्याही आधी अक्काला कळलं. मग रोज दुपारी वरून हुकूम सुटायचे. काय खायचं, काय उचलायचं नाही, कोणत्या कुशीवर पडायचं. तिच्या हुकमांवर मी चौथा महिना ओलांडला, पाचवा ओलांडला. सहावा लागला आणि मला खोकला झाला.

ह्यांनी माझा खोकला ऐकला आणि मान वर करून भोकाकडे पाहिलं.

"हे बुजवायला हवं," हे म्हणाले. "नुसती फळी ठोकून भागायचं नाही. कापूस हवा. कापसात हवा कोंडून राहते, म्हणून ऊब राहते."

वऱ्हाडात कापसाला काय तोटा! त्याच संध्याकाळी रुईचं बोचकं घरात आलं. रॉकेलच्या खोक्याच्या फळ्या काढून ह्यांनी चौकट ठोकायला घेतली. गोणपाटाची दुहेरी खोळ, तिच्यात चार बोटं जाड कापूस, आणि ती चौकटीला खिळून वर बसवायची, असा बेत. खोळ शिवायचं काम माझ्याकडे. ह्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मला संतापही करता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! खरं सांगावं तर दोन वर्षांची चोरी उघडी पडणार, आणि हट्टाने ते भोक त्याच दिवशी बंद होणार.

मी चालढकल केली. कापूस गुठळ्यांचा आहे, म्हटलं. हे पिंजाऱ्याला घेऊन आले. दुपारी त्याची तात मागच्या अंगणात टणटण वाजायला लागली आणि माळ्यातून अक्काने विचारलं, "काय पिंजून घेऊन राह्यली व?"

सांगायला तीच वेळ होती. तुझं-माझं बोलणं बंद होणार आहे, एवढंच सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "गादी आहे. लहानशी."

अक्का भडकली. "लहानशी? लेकराची? अवो, जन्माच्या आंधी लेकराले गादी नाई करत! दोन डाव हात पोळले, तरी अक्कल नाई तुले? ठेव ते बाजूले!"

लेकराची नाही म्हणायचं तर मग कशाची गादी तेही सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं आणि मागे जाऊन पिंजाऱ्यावर उगाच खेकसले.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. चार टाके घालायचे, उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. सुई बोटात घुसायची. दोन दिवस अक्काने हाक मारली की मी बाहेर न्हाणीत जाऊन उभी राहायची, कारण ओ दिली तर सांगावं लागलं असतं. एका कोपऱ्यात मी मुद्दाम कापूस कमी भरला आणि टाके सैल घातले. तेवढ्या फटीतून तरी तिचा आवाज येईल, असा हिशेब.

रविवारी सकाळी ह्यांनी शिडी लावून झाकण बसवलं. मग खाली उतरून उदबत्ती पेटवली, पुन्हा वर चढले आणि ती भोकाच्या कडेकडेने फिरवू लागले. तीन बाजूंना धूर माळ्याखाली शांत पसरला. चौथ्या कोपऱ्यात आला आणि सुर्रकन वर ओढला गेला.

"इथे तुझा टाका सैल पडलाय बघ," हे म्हणाले. शाळेतला प्रयोग जमल्यावर मास्तराला व्हावा तसा ह्यांना आनंद झाला होता. जुन्या गोधडीची वळकटी करून ह्यांनी तो कोपरा ठासून भरला. पुन्हा उदबत्ती फिरवली. धूर कुठेच गेला नाही.

घर खरोखर उबदार झालं. खोकला तीन दिवसांत थांबला. हे शाळेतून आले की आधी मान वर करून झाकणाकडे बघत. मला त्यांचा रागही येई आणि दयाही. दुपारी मी भोकाखाली उभी राहून हाका मारून पाहिल्या. कापसाने सगळं गिळलं. केरसुणीच्या दांड्याने ठोकलं, तर नुसतं धप्प. अक्काला वाटत असेल मीच बुजवून घेतलं. तिने रागावलेलं मला सोसलं नाही, म्हणून. या विचाराने मला अन्न गोड लागेना. आणि तिची बोलणी डोक्यातून जाईनात. लेकराची गादी म्हणून मी खोटं बोलले होते. अपशकुन खोट्यालाही लागतो का, हे विचारायचं तरी कुणाला?

शुक्रवारी सकाळपासून पोटातलं मूल हललं नाही. कामाच्या नादात आपल्याला कळलं नसेल, असं दहापर्यंत स्वतःला समजावलं. हे शाळेत गेले. अकरा वाजले, बारा वाजले. मी माजघर ते ओटा, ओटा ते माजघर अशा येरझाऱ्या घालत होते. आधीच्या दोन्ही वेळा असंच सगळं गप्प झालं होतं. बाराला मी पदर खोचला, भर उन्हात आमच्या पायऱ्या उतरले आणि वकिलांच्या ओट्यावर चढले. समोरचा वाणी तोंड उघडं टाकून बघत राहिला. बघेना का!

अक्का दारातच आली. मी तिला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. जाडजूड बाई, गुडघे सुजलेले, एकेक पाऊल भिंतीला धरून टाकत होती. तिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग मटकन उंबऱ्यावरच बसली.

"हाय ना व?" ती म्हणाली. "मले वाटलं, गेलं."

"अक्का, हलत नाहीये," मी म्हटलं आणि रडू फुटलं.

तिने मला आत नेलं, गुळाचा खडा तोंडात घातला, गार पाणी पाजलं. "डाव्या कुशीवर पड. बोलू नोको." तिचा खरखरीत तळवा माझ्या पोटावर किती वेळ होता कोण जाणे. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग आतून एक लाथ बसली, चांगली जोरात. अक्का म्हणाली, "झोपून राह्यलं होतं बेटं. आन् ते गादी?"

मी तिला सगळं सांगितलं. भोक, कापूस, उदबत्ती, सैल टाका.

"म्हंजे लेकराची नव्हतीच ना?" तिने दोनदा विचारलं आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "मंग तोंडानं सांगाले काय झालं होतं व तुले?"

संध्याकाळी मी ह्यांना सगळं स्वतःच सांगितलं. ह्यांनी झाकण काढलं नाही, पण ओट्याबद्दलही पुन्हा कधी बोलले नाहीत. मी रोज दुपारी दारातूनच जाऊ लागले. चैत्रात मुलगी झाली, अक्काच्या हातावर.

पण त्या शुक्रवारी तिच्या माजघरात पडल्या पडल्या मला जे दिसलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिच्या माळ्याच्या भोकाखाली तुरीची लाकडी कोठी होती. कोठीला लागून एक घंगाळ पालथं घातलेलं, कोठीवर पाट, आणि पाटावर लुगड्याची घडी.

"अक्का, हे काय?"

"चढाले. इथून खालून बोललं तर तुले आयकू जात नाई, आन् मोठ्यानं बोललं तर समोरच्या वाण्याले जाते, तिथून भावाले."

"रोज चढायचीस? ह्या गुडघ्यांनी?"

"मंग?"

दोन वर्षं मी खाली बाजेवर पाय पसरून तिच्याशी बोलत आले होते.

"पण रविवारपासून तर बंदच आहे," मी म्हटलं. "घंगाळ अजून इथेच कसं?"

अक्काने माझ्या अंगावर पांघरूण ओढलं. "आवाज नाई आला म्हनून काय झालं," ती म्हणाली. "आजबी चढली होती सकाळी."