गनाशवरचं बोट

गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळल्याचा वास आला, की मला कोयनानगरची आमची क्वार्टर आठवते.

माझा दहावा वाढदिवस होता. घरात आई आणि मी, दोघीच. आईने कुकरमध्ये मीठ तापवून केक भाजला होता आणि वरून चॉकलेट-क्रीमचं पातळ गनाश ओतलं होतं. ते काळ्या आरशासारखं शांत झालं, आणि मग त्यावर बारीक वलयं उठली. मांडणीतली भांडी किणकिणली.

"चल बाहेर. दार उघडंच ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. भूकंपाच्या धक्क्याने चौकट अडकते, म्हणून कॉलनीत सगळेच दार सताड उघडं टाकून पळायचे. आम्ही अंगणात उभ्या राहिलो.

आत आलो, तर गनाशवर कुणीतरी बोट फिरवलं होतं. माझ्या करंगळीहून बारीक.

"आई, मी न्हाई."

"ठावं हाय. तिचाबी वाढदिवस आजच की गं."

माझी जुळी बहीण दोन वर्षांची असताना तापाने गेली होती. मी घाबरून रडले. आईने ती रेघ बुजवली नाही. पुढे दर वाढदिवसाला, धक्का नसतानाही, ती गनाश ओतून दार उघडायची आणि मला घेऊन अंगणात थांबायची. परत तसं काही झालं नाही.

आज सांगलीत लेकीच्या वाढदिवसाचा केक केला. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच. गनाश ओतलं, दार उघडलं आणि लेकीचा हात धरून बाहेर थांबले.

आत आलो तेव्हा गनाशवर एक बारीक रेघ होती. तिच्या शेजारी, तिला सोबत करत गेलेली, दुसऱ्या मोठ्या बोटाची.