दाजींच्या नजरेतलं तण

ऐतिहासिक मालिका आमच्या दाजींइतकी मन लावून उभ्या कोल्हापुरात कुणी पाहत नसेल, आणि त्यांच्या शेजारी बसून ती पाहण्याइतकी मोठी शिक्षाही उभ्या कोल्हापुरात दुसरी नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी कृषी खात्यात झाली, त्यामुळे पडद्यावर तलवारी खणखणत असल्या तरी यांचं लक्ष मागच्या बांधावर. एकदा एक सरदार छातीत भाला घुसून प्राण सोडत होता. अक्काने पदर डोळ्यांना लावला आणि दाजी ओरडले, "अगं, गाजरगवत! गाजरगवतात पडलाय त्यो! ते आपल्याकडं आलं कवा आन् ह्यो मेला कवा!" अक्काचं रडू तिथेच आटलं. शिपायाच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण, राणीसाहेबांच्या ताटात बटाटा, काही म्हणून यांच्या तावडीतून सुटायचं नाही.

भाषेचं तर विचारूच नका. मालिकेतल्या कोल्हापूरकराने तोंड उघडायचा अवकाश, दाजी टीव्हीशी भांडायला उठलेच. "वाक्याच्या शेपटाला 'की' बांधला म्हणून कुणी कोल्हापूरचं हुत न्हाय, पावणं!" असं त्या नटाला सुनावायचे. कागलच्या रस्त्याला चित्रीकरण चाललंय असं कळलं, तेव्हा हे खुरपं घेऊन गेले आणि तोफेभोवतीचं तण काढत बसले. तिथल्या लोकांना वाटलं, हा आपल्याच गर्दीतला शेतकरी. त्यांनी यांच्या डोक्यावर पागोटं ठेवलं आणि चित्रीकरण करून टाकलं. तो भाग लागला तेव्हा दाजी स्वतःवरच खेकसले, "अरं, चष्मा काढायचा न्हाय व्हय!"

अशा माणसाची एकुलती लेक शेतकीचं शिक्षण अर्ध्यावर टाकून नटी व्हायला मुंबईला गेली. दोन वर्षं बापलेकीत बोलणं नव्हतं. फोन यायचा तो आईला. मागच्या महिन्यात तिला पहिलं काम मिळालं, तेही ऐतिहासिक मालिकेत, दासीचं. आम्ही सगळे पाहायला जमलो. अक्काने दाजींना आधीच दम भरला, "आज तोंडातनं एक शबूद काढला तर बघा!"

भाची आली, मुजरा केला आणि म्हणाली, "सरकार, पावणं आल्यात की वं! लई लांबनं आल्यात की!" कोल्हापुरात जन्मलेली पोर, आणि हे असलं बोलणं! मीसुद्धा डोळे मिटले. उघडले तर तिच्या मागे पुढं इंग्रजांनी आणलेली नीलगिरीची झाडं रांगेत उभी. दाजींनी हूं की चूं केलं नाही.

मालिका संपताच फोन वाजला. "आई, पप्पांना दे." अक्काने फोन मोठ्या आवाजावर ठेवून दाजींपुढे धरला.

"पप्पा, मी आपल्यासारखं बोलले तर मालिकावाले म्हणाले, कोल्हापूरची वाटत न्हाईस. आन् मागं नीलगिरी हुती. मला दिसत हुती ओ, पण कुणाला सांगणार?"

दाजी हळूच म्हणाले, "नीलगिरी? कुठं? मी तुझ्याकडंच बघत हुतो, बाळ."

इतक्या वर्षांत दाजींना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला एकदम भरून आलं.