वडील कशाने गेले?

पद्माकर म्हणजे जन्माचा संशयी. हॉकरकडे चहा घेतला तरी आधी शेजारच्याच्या कपात डोकावणार, त्याला जास्त तर नाही ना दिला! सिंगापूरला, बिशानमध्ये राहून बारा वर्षं झाली, पण सरकारी लिफाफा अजूनही दोनदा उजेडात धरून मगच फोडणार.

२०१४च्या मार्चमध्ये पत्र आलं ते विद्यापीठाचं. इंडियन लोकांच्या हृदयविकारावर संशोधन चालू आहे, तपासणीला या, पैसे नाहीत.

“इंडियनच का? आणि फुकट?” तो बायकोवर, सुलेखावर उखडला. “पुढच्या महिन्यात पीआरचं रिन्यूअल, इथे राहायचा परवानाच तो. आजारी माणसं हुडकून घरी धाडायचा बेत आहे हा!”

“हो, सरकार तुमच्यासाठीच रिकामं बसलंय,” सुलेखा म्हणाली. एमआरटी स्टेशनचा जिना चढताना हा छातीला हात लावून थांबतो, हे तिने दोनदा पाहिलं होतं. त्याला धरूनच तिने क्लेमेंटीला, विद्यापीठात नेलं.

टेबलापलीकडे वल्लरी नावाची संशोधक. “बसा काका.” अस्सल पुणेरी मराठी! झालं, आपल्यातलीच पोरगी बसवलीय बोलतं करायला. पद्माकर आणखीच सावध झाला.

“छातीत दुखतं?”

“छे!”

“वडील कशाने गेले?”

“म्हातारपणाने.”

सुलेखाने चमकून पाहिलं. त्याने टेबलाखाली तिचा पाय दाबला.

“वजनही बेताचं आहे. मग हृदयाची पुढची तपासणी तुम्हाला नको,” म्हणत वल्लरीने फाइल मिटली.

जिंकलो! उठता उठता त्याने विचारलंच, “पण इंडियनच का?”

“आपल्यात सडपातळ माणसंही ऐन उमेदीत जातात काका. धोक्याची मापं मात्र दुसऱ्या वंशांच्या लोकांच्या अंगावरून घेतलेली. ती बदला म्हटलं की वरचे लोक आकडे मागतात. आणि आपली माणसं सांगतात, सगळं ठीक आहे.”

लिफ्टपाशी सुलेखाचा बांध फुटला. “उद्या आपल्या पोराला, नीलला कुणी विचारलं, आजोबा कशाने गेले, तर त्यानेही हेच खोटं सांगायचं का हो?”

लिफ्ट आली नि गेली. पद्माकर परत फिरला.

“ते म्हातारपण खोडा,” तो वल्लरीला म्हणाला. “कामावर निघाले होते. चपला घालता घालता कोसळले. सत्तेचाळिसाव्या वर्षी.”

वल्लरीने फाइल उघडली. पहिल्याच ओळीत पद्माकरचं वय होतं. सत्तेचाळीस.

“छातीत दुखतं काका?”

“जिना चढताना.” त्याने मागे दाराकडे पाहिलं. “हे पीआरवाल्यांना कळवणार?”

“हार्टच्या डॉक्टरांना कळवतेय,” फोन उचलत ती म्हणाली. “आत्ता. तुम्ही आधी बसा.”