कोम्पाद्रेचा शब्द

बॉइल हाइट्सच्या कष्टकरी वस्तीत मेट्रोचं स्टेशन व्हावं म्हणून सगळ्यांत जास्त घसा कोरडा केला तो ओबदुलियाने. दोन बस बदलून लोकांची घरं पुसायला जाणाऱ्या बाईला गाडी दाराशी हवी होती, इतकंच.

स्टेशन झालं. मग कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाच्या जागी कुत्र्यांचं पार्लर आलं, भाडी चढली, शेजारची बिऱ्हाडं उठली. ओबदुलिया मात्र निर्धास्त. घरमालक कासिमिरो तिच्या मुलीचा, यारेलीचा, धर्मबाप. पोरीच्या बाप्तिस्म्यापासून तो हिचा कोम्पाद्रे, ही त्याची कोमाद्रे; रक्ताच्या नात्याइतकं पक्कं नातं. 'घर तुमचंच समजा,' हा त्याचा शब्द. कागद करून घ्या, असं कुणी सुचवलं तेव्हा तिचा नवरा हसला होता, "कोम्पाद्रेकडे कागद? उद्या पाद्रीबाबाकडे पावती मागाल!" आणि त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने स्वयंपाकघरात निळ्या फरश्या बसवल्या. पुढे तो वारला.

रविवारी कासिमिरो जेवायला आला.

"कोमाद्रे, तुमच्या रश्श्याला तोड नाही."

"मुद्द्याचं बोला, कोम्पाद्रे. न मागता स्तुती करताय म्हणजे काहीतरी अडलंय."

त्याने बराच वेळ तोंड पुसलं. "घर विकलं. माझे गुडघे गेले, मुलगे ऐकेनात. स्टेशनमुळे भाव आलाय, पुन्हा यायचा नाही."

"आणि आम्ही?"

"उन्हाळ्यापर्यंत आहात की! शहराबाहेर, पामडेलकडे स्वस्त मिळतं म्हणे. घेणारी माणसं बरी आहेत हो. फरश्या तर त्यांना फारच आवडल्या."

"माझ्या नवऱ्याने बसवल्यात त्या."

"सांगितलं ना मी त्यांना! आणि यारेलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचा झगा माझ्याकडून. शब्द म्हणजे शब्द."

"झगा घालून निघायची कुठल्या घरातून?"

तेवढ्यात यारेली बाहेरून आली आणि रीतीप्रमाणे धर्मबापापुढे वाकली. "पाद्रिनो, आशीर्वाद द्या."

त्याचा हात उचलला गेला. ओबदुलियाने पोरीला दंडाला धरून मागे ओढलं.

"आधी तिला सांगा, कोम्पाद्रे. मग द्या आशीर्वाद."

कासिमिरोने हात खाली घेतला, टोपी उचलली आणि बाहेर पडला.

"आई! पाद्रिनोंशी असं वागतात?" यारेली लाजेने लाल झाली. "म्हातारा माणूस तो!"

माफी मागायला ती पायऱ्या उतरत धावली. दारातून ओबदुलियाला दिसलं: फाटकापाशी पोर वाकली होती, आणि कासिमिरो घाईघाईने तिच्या कपाळावर क्रूस काढत होता. घर विकल्याचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही.