बेस मॉडेल

माझ्या मोटारसायकलला दोन चाकं, एक इंजिन, एक दिवा आणि एक हॉर्न आहे. बाकी काही नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीवर असताना निवडलेलं आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण इंदापूरच्या आमच्या नातेवाइकांचा अजूनही समज आहे की शोरूमवाल्याने मला फसवलं. शोरूमवाल्याने उलट दीड तास माझे पाय धरले होते.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. माझे वडील, म्हणजे तात्या, सांगवीत ऊस लावतात आणि उसाला पाणी सोडलं की बांधावर बसून पत्रकं लिहितात. 'बडेजाव सोडा.' 'मानपान बंद करा.' 'शेजाऱ्याने केले म्हणून आपण करू नका.' बारामतीच्या बाजारात ही पत्रकं वाटत मी मोठा झालो. माझं नाव त्यांना विद्रोह ठेवायचं होतं. आईने बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरीच सोडली नाही, तेव्हा विनोदवर तडजोड झाली. (नावाप्रमाणे माणूस होतो म्हणतात, ते खोटं असावं अशी माझी फार इच्छा आहे.)

तर मला महाराष्ट्र बघायचा होता आणि त्यासाठी लांब पल्ल्याची मोटारसायकल हवी होती. बारामतीच्या शोरूममध्ये तिचे दोन प्रकार उभे होते. एक साधा. दुसऱ्याला समोर उंच काच, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, मागे तिसरी पेटी, धुक्यातले दिवे, रस्ता सांगणारा स्क्रीन, पाठ टेकायला गादी आणि थंडीत हात गारठू नयेत म्हणून गरम होणाऱ्या मुठी.

"गरम मुठी," मी विक्रेत्याला विचारलं, "बारामतीत?"

"सर, लोक घेतात."

"लोक घेतात म्हणून मी घेऊ?"

"सर, टॉप मॉडेलची मजाच वेगळी."

त्यावर मी गरज आणि हौस यांतल्या फरकावर बोललो. छान बोललो. पाणी घेऊन आलेली बाई ग्लास तसाच घेऊन परत गेली. शेवटी विक्रेता थकलेल्या आवाजात म्हणाला, "मग बेस मॉडेल घ्या, सर."

मी तिथूनच तात्यांना फोन लावला. "तात्या, गाडी ठरली. बेस मॉडेल."

"बेस?"

"बेस."

"लई बेस केलंस," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. माझाही आला. आयुष्यभर ज्याने साधेपणाची पत्रकं लिहिली, त्याच्या मुलाने साधी गाडी निवडली आणि बाप म्हणाला, लई बेस. याहून मोठी पावती कुठली?

आता दाजींची ओळख करून देतो. दाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या घरात लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणतात. इंदापुरात हायवेला त्यांचं उसाच्या ट्रॉल्यांचे टायर विकायचं दुकान आहे आणि तात्यांना खिजवणं हा त्यांचा जोडधंदा आहे. तात्यांनी बोअर मारली, दाजींनी दोन मारल्या. तात्यांनी भिंतीला रंग दिला, दाजींनी फरशी बसवली. आणि मला आवडलेली तीच मोटारसायकल, सगळ्या पेट्या-गाद्यांसकट, दाजींनी वर्षभर आधीच घेऊन दुकानाच्या दारात लावली होती. तिच्यावरून ते इंदापूर सोडून कुठे गेल्याचं कुणाला माहीत नाही.

आत्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि दाजींचा फोन आला. तात्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"काय तात्या, पोरानं गाडी घेतली म्हनं."

"घेतली. तुमच्याकडं हाय त्याच कंपनीची. पर बेस मॉडेल."

दाजी अगदी हळू म्हणाले, "बेस मॉडेल? आन ते तुमी सांगताय?"

"सांगतोय की. सगळ्या सांगवीला सांगितलंय."

"मग आना साखरपुड्याला. दोन्ही गाड्या मांडवाच्या दारात उभ्या करू. नवऱ्याकडचं आबा सांगत्याल कुनाची सरस ती. ज्याची हलकी, त्यानं टावेल गुंडाळून पंगतीला वाढायचं. हाय कबूल?"

"कबूल," तात्या म्हणाले.

ही पैज साधी नव्हती. तात्या नवरीचे सख्खे मामा. साखरपुड्यात मामाला पाट, टोपी, टॉवेल, उपरणं आणि पहिल्या पंगतीत पहिलं पान. त्या मामाने हातात परात घेऊन नवऱ्याकडच्या माणसांपुढे वाकत फिरायचं म्हणजे पुढची वीस लग्नं तोच विषय. मानपान बंद करा या पत्रकाच्या लेखकाने असा मान पणाला लावला, तोही साधेपणाच्या बाजूने. मी बाजूला जाऊन डोळे पुसले.

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. आई आदल्या दिवशीच एसटीने आत्याकडे गेली होती. इंदापूरला जायला जवळचा रस्ता होता, पण तात्या म्हणाले, "भिगवनवरनं हायवेनं जाऊ. चार लोकांनी बघाया नगं व्हय?" मला वाटलं, साधेपणाचा प्रचार. मी खूश. बारामतीतून जाताना तात्यांनी माझ्या पाठीवर दोनतीन बुक्क्या मारल्या आणि काहीतरी ओरडले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. (समोर काच असती तर आलं असतं, हे नंतर बऱ्याच जणांनी मला समजावून सांगितलं.) मी उत्साहाने मान हलवली आणि वेग वाढवला.

डाळजला चहाला थांबलो. तात्या उतरले, डोळ्यांतला कचरा काढला, टोपी झटकली आणि म्हणाले, "आरं, शोरूम मागं ऱ्हायलं की."

"कशाला शोरूम?"

"पेट्या बसवायला. काच बसवायला. मगापासनं बडवतुय तुला."

"कसल्या पेट्या?"

"बेस मॉडेलच्या."

"तात्या, बेस मॉडेलला पेट्या नसतात. म्हणून तर ते बेस."

"पेट्या न्हाईत, काच न्हाय, टेकायला गादी न्हाय. मग त्यात बेस ते काय?"

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दिवा लागला. (तोही एकच. जादा दिवे मी घेतले नव्हते.)

"तात्या, बेस म्हणजे आपलं झकासवालं बेस नव्हे. इंग्रजीतलं बेस. पाया. सगळ्यात खालचं मॉडेल."

तात्या बाकावर बसले. "सगळ्यात खालचं," ते चहावाल्याला म्हणाले. चहावाल्याने न विचारता त्यांच्या चहात जास्तीची साखर टाकली.

त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. आमच्याकडे ट्रॅक्टर असाच येतो. कंपनीतून उघडाबोडका निघतो, मग मालक त्याला बंपर, हुड, रेडिओ आणि झुली लावून माणसांत आणतो. दारात बोडकी मोटारसायकल उभी राहिली तेव्हा तात्यांनी मनाशी म्हटलं, बाकीचं मागाहून बसणार.

"महिनाभर मी बेस बेस करीत गावभर फिरलो," तात्या म्हणाले. "कारखान्यावर सांगितलं. सोसायटीत सांगितलं. तू का बोलला न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालात, लई बेस केलंस."

"तू बेस म्हणलास म्हणून मी बेस म्हणलो."

"मला वाटलं, तुम्हाला साधेपणाचा अभिमान वाटला."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चहावाला आत निघून गेला.

मग त्यांनी बेत सुरू केला. "दाजीला म्हणू, पेट्या कंपनीनं परत मागवल्यात. दुरुस्तीला."

"मी खोटं बोलणार नाही."

"तू बोलू नगं. गप बस. गप बसनं खोटं हाय व्हय?"

"'अन्याय पाहून गप्प बसणे हेही असत्यच.' तुमचंच पत्रक आहे, तात्या. मीच वाटलंय."

"ते लोकांसाठी व्हतं," तात्या म्हणाले.

ते टोपी धरून मागे बसले आणि आम्ही इंदापूर गाठलं.

मांडव दाजींच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत होता. धूळ उडू नये म्हणून टँकरने भरपूर पाणी मारलं होतं. दारात दाजींची गाडी मधल्या भक्कम स्टँडवर उभी. पेट्या चकचकीत, काचेला हार. शेजारी खुर्चीत नवऱ्या मुलाचे आजोबा, म्हणजे आबा, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी माझी गाडी उजव्या अंगाला साइड स्टँडवर लावली. मधला स्टँड बेस मॉडेलला नसतो. असावा असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

दाजी पुढे आले. त्यांनी माझ्या गाडीला सावकाश एक फेरी मारली. "काय तात्या, बाकीचं सामान टेम्पोनं येतंय का?"

तात्यांनी तोंड उघडलं. पण माझ्यासारखा मुलगा असताना बापाला खोटं बोलायची संधी मिळते कुठे?

"बाकीचं काही नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "हे सगळ्यात खालचं मॉडेल आहे आणि मी ते जाणूनबुजून घेतलंय."

तात्यांनी टोपी पुढे ओढली.

आबा मात्र सरसावून बसले. "पोरा, हिला काय काय हाय?"

"काही नाही, आबा."

"मग बिघडायचं काय?"

"काहीच नाही."

"हां," आबा म्हणाले. गोष्ट त्यांना पटलेली दिसली. दाजींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी घाईने आपली गाडी चालू करून एकेक करामत दाखवायला सुरुवात केली. दिवे लागले. पेट्या उघडल्या, मिटल्या. स्क्रीनमधून एक बाई स्पष्ट आवाजात म्हणाली की दोनशे मीटरवर मागे वळा.

"ही कोन?" आबांनी विचारलं.

"रस्ता सांगती, आबा."

"आन घरातलीनं ऐकलं मंजी?" आबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने पदर तोंडाला लावला. मग दाजींनी आबांचा हात धरून गरम मुठीवर ठेवला. आबांनी तो चटकन काढला आणि काठी घट्ट धरली.

पारडं आमच्याकडे झुकत होतं. तात्यांची टोपीही हळूहळू मागे सरकत होती. अजून मिनिटभर मी गप्प बसलो असतो तर आबा निकाल देऊन मोकळे झाले असते. पण मला ती गर्दी दिसली. आणि गर्दी दिसली की मला बोलावं लागतं.

"मंडळी," मी म्हणालो, "आपण गाड्यांना ओझी लावली आणि नंतर स्वतःलाही लावली. ज्याला स्वतःवर भरवसा नाही, त्याला पेट्या लागतात, काचा लागतात, टेकायला गाद्या लागतात. ही माझी गाडी बघा. हिला," आणि इथे मी सीटवर जोरात थाप मारली, "कुणाच्याही आधाराची गरज नाही!"

ओल्या जमिनीत साइड स्टँड आधीच रुतत आला होता. थाप हे निमित्त झालं. माझी गाडी कुठलीही घाई न करता डावीकडे कलली आणि दाजींच्या गाडीच्या पेटीवर जाऊन टेकली. माझ्या गाडीला ओरखडाही आला नाही. पेटीने तिला अलगद झेललं. दाजींची गाडी जागची हलली नाही.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

आबा काठी टेकत उठले, दोन्ही गाड्या जवळून बघितल्या आणि निकाल दिला. "जिच्यावर दुसरी टेकती, ती मोठी."

मग हसले. सगळे. आचारीसुद्धा झारा घेऊन बाहेर आले होते.

दाजी जिंकले आणि उदार झाले. "ऱ्हाऊ द्या तात्या. पोराच्या गाडीला पेट्या, काच, समदं मी बसवून देतो. आमच्याकडनं भेट."

मला वाटलं, आता तात्या हो म्हणणार. पण तात्यांनी टोपी सरळ केली. डाळजपासून पहिल्यांदाच ते ताठ उभे राहिले.

"नगं," ते म्हणाले. "आमची खालचीच बरी. पडून पडून कुठं पडंल?" आणि त्यांनी दाजींकडे हात पसरला. "आना टावेल. ठरलं ते ठरलं."

त्या क्षणी त्यांच्या सगळ्या पत्रकांहून तात्या मला मोठे वाटले. मी पुढे होऊन टॉवेल हिसकावला. "गाडी माझी आहे. वाढणार मी."

"पैज मी लावली."

"थापही मीच मारली."

शेवटी आत्या मध्ये आली. "माझ्या पोरीचा मामा पाटावर बसंल," ती दाजींना म्हणाली. "न्हायतर आज पंगतच बसनार न्हाय." दाजींनी स्क्रीनमधल्या बाईचं ऐकलं नसेल, आत्याचं लगेच ऐकलं. तात्या पाटावर बसले, टोपी, टॉवेल, उपरणं घेतलं. माझ्या कमरेला टॉवेल बांधला गेला आणि हातात जिलबीची परात आली.

मी मान वर करून वाढायला सुरुवात केली. पण हातात परात आली म्हणून तत्त्व सोडायचं का? प्रत्येकाच्या पानात मी एकच जिलबी ठेवत गेलो. दुसरी मागितली की विचारायचो, "खरंच गरज आहे का?" नवऱ्याकडची चार माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबा म्हणाले, "पोरा, वाढतुयास का सभा घेतुयास?" मी तात्यांच्या पानापाशी आलो.

"आनखी दोन," तात्या म्हणाले.

"तात्या, गरज आहे का?"

"गरज न्हाय. हौस हाय. वाढ."

मी जागचा हललो नाही. पंगत ताटकळली. तेवढ्यात मागून आत्या आली, माझ्या हातातली परात काढून घेतली, तात्यांच्या पानात जिलब्यांचा ढीग घातला आणि मला मांडवाबाहेर उभं केलं. पंगतीला वाढायची शिक्षा झालेला आणि त्या शिक्षेवरूनही काढून टाकलेला माणूस माझ्या माहितीत दुसरा नाही.

बाहेर मी माझी गाडी उभी केली, स्टँडखाली एक फरशीचा तुकडा ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिलो. उद्या पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन. पेट्या नको, काच नको, रस्ता सांगणारी बाई तर नकोच.

शेवटच्या पंगतीला मला पान मिळालं तेव्हा जिलबी संपली होती. आत्या हळहळली. मी तिला ठणकावून सांगितलं की मला गरज नव्हतीच.

(होती. निदान चार.)