जवाईबापू, उतरा आता!

मी माझी बायको आणि चार महिन्यांची मुलगी एकदा मालेगावच्या एस.टी. स्टँडवर विसरून आलो होतो, हे खरं आहे. पण ट्रंक आणली होती, हे कोणी लक्षातच घेत नाही.

त्याचं झालं असं. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी मंगरूळपीरला पंचायत समितीत कारकून होतो आणि सुमन बाळंतपणासाठी माहेरी, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या तिच्या गावी गेली होती. तिला आणायला गेलो. गाडी आली तशी मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली (त्या काळी जागा मिळवायचा दुसरा रस्ताच नव्हता!), ट्रंक टपावर चढवली, कोपरं मारत आत घुसलो आणि रुमालावर जाऊन बसलो. असा आनंद झाला म्हणता! घाई माझ्या रक्तातच आहे. आई सांगायची, मी सातव्या महिन्यातच जन्माला आलो, तेव्हापासून थांबलोच नाही. गाडी सुटली, कंडक्टर आला.

"किती मानसं?"

"दोन मोठी. एक लहान, मांडीवर."

त्यानं माझ्या मांडीकडं पाहिलं. मग मीही पाहिलं.

परत मालेगावला पोचेपर्यंत सासरेबुवा लेकीला आणि नातीला बैलबंडीत घालून घरी घेऊन गेले होते. मी ट्रंक डोक्यावर घेऊन सासुरवाडीच्या दारात उभा राहिलो. घरात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आमचे मामा, म्हणजे सासरे, कापूस बाजारात मापारी होते. उभं आयुष्य काट्यासमोर गेलेलं. गाठोडं काट्यावर चढलं की व्यापारी ओरडायचा, शेतकरी ओरडायचा, मामा मात्र तोंडात पान धरून काट्याकडं बघत राहायचे. तो डोलायचा पूर्ण थांबला की मगच आकडा सांगायचे, आणि तो कधी चुकला नाही. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडं तसंच बघितलं.

"जवाईबापू, पोरगी तुमचीच हाय. पन तुमचा काटाच थांबत नाई."

"मामा, चूक झाली माही. आता असं नाई व्हनार."

"थांबला की पाठवतो."

"अन् थांबला हे कसं समजन?"

"मले दिसते," मामा म्हणाले आणि पानाची पिंक टाकायला उठून गेले.

झालं! मी एकटा मंगरूळपीरला आलो. स्वतःच्या हातचं जेवायला लागलो. भाकरी थापताना मला इतकी घाई व्हायची की ती एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं कोळसा. दोन-तीनदा आणायला गेलो. एकदा चहा घाईत पिऊन तोंड भाजलं, एकदा घाईत वामनची चप्पल घालून आलो. (वामन म्हणजे माझा साळा.) मामा नुसती मान हलवायचे. मुलगी पालथी पडायला लागली, हे मला बाजारात भेटलेल्या एका भलत्याच माणसाकडून कळलं. त्या दिवशी खोलीचं दार लावून मी चक्क रडलो.

मार्च महिन्यात वामन कामाला मंगरूळपीरला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "चौदा एप्रिलच्या जयंतीले या, भाऊजी. या साली बी सायकलीची सुस्त शर्यत हाय. पंच आपला बाबाच."

सुस्त शर्यत म्हणजे जो शेवटी येईल तो पहिला! पाय खाली टेकला की बाद. मी ताडकन उठलो (उठताना कंदील पाडला). सगळ्या गावासमोर, खुद्द मामांच्या डोळ्यांदेखत सगळ्यात हळू जायचं! यापेक्षा काटा आणखी कसा थांबणार?

अडचण एकच होती. गावातल्या सपाट जागेत मंडप पडायचा, म्हणून ही शर्यत मागच्या वावरात व्हायची. नांगरलेलं वावर, डोक्याएवढी ढेकळं आणि मध्ये दोन धुरे, म्हणजे मातीचे बांध. मी इकडं मंगरूळपीरच्या बाहेर एका वावरात सराव केला. पायडल ढेकळाला आपटलं की मी आडवा. धुऱ्यावर पुढचं चाक चढायचं, मग पायडल फिरतं तो आस धुऱ्यावर टेकायचा, सायकल तिथंच अडकायची आणि मी पलीकडं उतरायचो. डोक्यावर. चौथ्यांदा पडल्यावर ढेकळांतच बसून मी विचार केला की दोष माझा नाहीच. पायडल खाली आहे!

घरी येऊन आणखी एक शोध लावला. झाडू तळहातावर उभा केला, राहिला. पेन्सिल उभी केली, पडली. पुन्हा केली, पुन्हा पडली. म्हणजे वजन जितकं उंच, तितका पडायला उशीर! आणि मला तर उशीरच पाहिजे होता. तसाच झाडू हातात घेऊन बशीरभाईच्या सायकल दुकानात पळत गेलो.

"बशीरभाई, हा आस एक वीतभर वर घ्यायचा."

"कौनसा, बाबूसाब?"

"हाच. पायडल फिरते तो."

बशीरभाईनं सायकल उलटी केली, सुलटी केली, माझ्या हातातल्या झाडूकडं पाहिलं. मला वाटलं हा माणूस मला हाकलून देणार. पण त्याचे डोळे चमकले. माझ्याइतकाच उतावीळ माणूस मंगरूळपिरात होता, तो हा!

"काट डालते!" तो म्हणाला आणि मी हो म्हणायच्या आत त्यानं करवत लावलीसुद्धा.

संध्याकाळी वेल्डिंग होऊन सायकल तयार झाली. बसलो तर गुडघे थेट हनुवटीला. मग सीट वर घ्यावी लागली. त्यासाठी बशीरभाईनं नळाचा पाइप कापून बसवला. मग हँडल खाली राहिलं, तेही उचललं. शेवटी जी सायकल झाली तिच्यावर मी दुकानाच्या ओट्यावरून चढलो आणि मला समोरच्या कौलांवर वाळत घातलेले पापड दिसले.

पण चालली काय सांगू! साधी सायकल तोल गेला की धाडकन पडते. ही आधी झुकायची, मग जरा विचार करायची, तेवढ्यात मी हँडल फिरवून तिची समजूत घालायचो. ढेकळावरून पायडल अधांतरी जायचं. धुऱ्यावर आस टेकायचा नाही. एकच खोड होती, पायडलवर जोर दिला की पुढचं चाक उचलायचं. पण सुस्त शर्यतीत जोर देतो कोण? रोज संध्याकाळी ओट्यावरून चढायचो, वावरात जाऊन यायचो आणि परत ओट्यावर उतरायचो. एक साधी गोष्ट ना माझ्या लक्षात आली, ना बशीरभाईच्या. तुमच्या आली असेल, तर कृपा करून गप्प बसा.

जयंतीचा दिवस उजाडला. निळे झेंडे, मंडप, कर्णा, मोठमोठ्या पातेल्यांत वरण आणि बुंदी. एस.टी.च्या टपावरून सायकल उतरवली तेव्हा गाव गोळा झालं.

"बाप्पा! हे सायकल हाय का मचान?"

"भाऊजी, याच्यावरून राखन करता का ज्वारीची?" वामन म्हणाला.

बायकांच्या गर्दीत सुमन उभी होती, कडेवर लेक. लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि अनोळखी माणसाला पाहून लपतात तशी आईच्या पदरात लपली. म्हटलं, आज हळू जाईन तर असा हळू जाईन की बघतच राहतील.

वावराच्या कडेला एक बंडी उभी होती, तिच्यावरून मी सायकलवर चढलो. मामांनी शिट्टी फुंकली. पहिल्याच ढेकळांत चौघं गेले. पहिल्या धुऱ्यावर आणखी तिघं. दुसऱ्या धुऱ्यावर वामनचा आस टेकला, त्यानं जोर लावला आणि गेल्या सालचा पहिला नंबर तोंडावर पडला. वावरात एकटा मी राहिलो! झुकत, थांबत, पुन्हा झुकत. कर्ण्यावरचा माणूस बेभान झाला होता, "पाहा, पाहा, जवाईबापू उभेच राहून राह्यले!" मी चुन्याची रेघ ओलांडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडातलं पान थांबलं होतं. जिंकलो!

आणि मग मी उतरायला गेलो.

खाली पाहिलं. जमीन फार लांब होती. बंडीकडं पाहिलं, तर ती पाण्याचं टिपाड आणायला गेलेली. ओटा मंगरूळपीरला! उडी मारावी म्हटलं, तर गावातली सगळी लेकरं सायकलीभोवती नाचत होती. मी एक चक्कर मारली. लोकांना वाटलं जिंकल्याचा आनंद आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी चक्कर मारली. टाळ्या जरा कमी झाल्या.

"पहिला नंबर आलेल्या जवाईबापूनं मंचाकडं यावं," कर्णा म्हणाला.

मी तिसरी चक्कर मारली.

"जवाईबापू, उतरा आता," मामा म्हणाले.

"उतरतो ना, मामा." चौथी.

"कधी?"

"हा काय, उतरलोच!" पाचवी.

सगळ्यात आधी ओळखलं सुमननं. शेवटी बायकोच ती. "आवो," ती सगळ्या गावासमोर ओरडली, "तुमाले उतरता येत नाई का?"

आता काय लपवायचं? मी घाबरून पायडलवर जोर दिला, पुढचं चाक उचललं आणि मी थेट मंडपात घुसलो. बायका किंचाळल्या, बुंदीचं पातेलं कोणीतरी ओढून घेतलं, मला समोर मंडपाचा मधला खांब दिसला आणि मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. सायकल खाली, मी वर, खांब मध्ये. सगळा मंडप डोलायला लागला, पण पडला नाही. हुश्श!

पण त्या खांबालाच माइक बांधला होता, आणि तो चालू होता.

"धरा! कोनी तरी धरा मले, पडतो मी!" माझा आवाज कर्ण्यातून पार गावाच्या शिवेपर्यंत गेला. मामा जवळ आले.

"जवाईबापू, हे काहून केलं?"

"मामा, तुमाले दाखवाले केलं!" कर्णा गरजला. "मले हळू चालता येते, थांबता येते! पोरगी पालथी पडली म्हनते लोक, मी पाह्यली बी नाई! आज मले पाहून लपली ते. भाकर करपते माही रोज. पाठवा ना बाप्पा तिले!"

कुठंतरी कर्णा कुईऽऽ करत होता तेवढंच. मला माझी इतकी लाज वाटली की मी डोळेच मिटून घेतले. मग माझ्या दोन्ही काखांत दोन दणकट हात आले. मापाऱ्याचे हात! मामांनी मला सगळ्या गावासमोर खांबावरून सोडवलं, उचललं, खाली ठेवायच्या आधी क्षणभर तसंच हवेत धरलं आणि म्हणाले, "पन्नास."

"काय पन्नास, बाबा?" वामननं विचारलं.

"किलो. लग्नात साठ होते." त्यांनी मला जमिनीवर ठेवलं, माझी कॉलर नीट केली आणि वळून म्हणाले, "सुमन, सामान बांध वं बाई."

"पन बाबा, काटा?" वामन म्हणाला. (साळा तो साळाच!) "थांबला का भाऊजीचा काटा?"

"कायचा थांबते! हा मानूस मरेपरेंत थांबनार नाई. पन एकटा ठेवला तं पुढच्या जयंतीपरेंत काट्यावर ठेवाले बी उरनार नाई."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! मी मामांच्या पाया पडलो (घाईत माझं डोकं त्यांच्या गुडघ्यावर आदळलं), बक्षिसाचा स्टीलचा डबा घेतला, त्यात बुंदी भरून घेतली. सायकल तिथंच सोडली. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली आणि पुढं कितीतरी वर्षं कोंबड्या तिच्यावर झोपायच्या. त्यांना बरोबर उतरता यायचं.

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या स्टँडवर गाडी आली. मी सवयीनं रुमाल काढला, तर सुमननं तो हातातून काढून घेतला. खिडकीतून तिनंच टाकला. ट्रंक तिनंच टपावर चढवून घेतली. मग मला आधी आत ढकललं, खिडकीशी बसवलं, मांडीवर लेक दिली आणि स्वतः बाहेरच्या बाजूला असं बसली की मला कुठं जाताच येऊ नये. लेक माझ्या शर्टाची गुंडी ओढत हसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी सुटली. कंडक्टर आला.

"किती मानसं?"

मी तोंड उघडायच्या आत सुमन बोलली.

"एक मोठं. अन् दोन लेकरं."